जवाईबुवांचं वर्गमूळ

“वेबसाइट म्हणजे काय हो मामाजी? लग्नपत्रिकाच समजा. फक्त घरोघरी नेऊन द्यावी लागत नाही.”

भाऊबिजेच्या दिवशी करडीला, सासऱ्यांच्या अंगणात, खाटेवर मांडी घालून सूरजने हे जाहीर केलं. खाटेवर कोरी चादर होती, पाठीला लोड होता आणि हातात दुसऱ्यांदा भरलेला चहाचा कप होता. अशा आसनावर बसलेल्या माणसाच्या तोंडून नम्र वाक्य निघणं कठीणच. त्यातून सूरजचं साकोलीला बसस्टँडमागे कॉम्प्युटरचं दुकान. लग्नपत्रिका, फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं तिथे व्हायचं. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांची नावं आपण शुद्ध छापली म्हणूनच त्यांचे संसार नीट चाललेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

वेबसाइट त्याने बनवली होती साळीसाठी, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी. गुंजन गणितात एम.एस्सी. झालेली, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी. भंडाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायला जागा निघाली होती आणि स्वतःचा ऑनलाइन प्रश्नसंच असेल त्याला आधी बोलावणार होते. गुंजनजवळ प्रश्नांची कमी नव्हती. कमी होती ती ऑनलाइनची. इकडे आत्याने एक स्थळ शोधून तयारच ठेवलं होतं. “पोरीची नोकरी लागू द्या, मग पाहू,” असं म्हणून आईने ते कसंबसं थोपवून धरलं होतं. नोकरी हुकली तर आत्या पुढच्याच बसने करडीत उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सूरजने लॅपटॉप वळवून दाखवला. पानाला चारी बाजूंनी वेलबुट्टीची किनार होती, वर गणपती होता, खाली प्रश्न होते. सासऱ्यांनी, तुलारामजींनी, मान डोलावली. “लय सुंदर, जवाईबुवा.” स्वयंपाकघराच्या दाराआडून सासूबाईंचा, चंद्रभागाबाईंचा आवाज आला, “त्याइले म्हणा, बहुत चांगलं झालं. आन म्हणा, अजून एक अनारसा घ्या.” गुंजनने मात्र पानाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात आईने दाराआडून हात घालून तिला आत ओढलं.

आता इथे करडीची रीत सांगायला हवी. त्या घरात जवाईला चूक सांगायची नाही. मुळात जवाईची चूक होतच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सूरजने मोटरसायकल थेट भाताच्या बांधीत घातली होती, तेव्हा रोपं तुडवली गेलेली पाहून तुलारामजी म्हणाले होते, “बरं केलं जवाईबुवा, तिकडची चिखलणी तशी कच्चीच होती.” चंद्रभागाबाई तर जवाईशी समोरासमोर बोलतच नसत. डोक्यावर पदर, दाराची आड, आणि जे सांगायचं ते नवऱ्याच्या मार्फत. त्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. अशा घरात सूरज दर भेटीत थोडा थोडा फुगत गेला, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

गुंजनला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवशी सकाळी सूरज दुकानात अगरबत्ती लावत होता, तोच दुकानातला बटणांचा फोन वाजला. डिंपल होती, त्याची बायको. तिचा स्वतःचा मोबाइल बादलीत पडून तांदळाच्या डब्यात वाळत होता, म्हणून ती सूरजचाच घेऊन आदल्या दिवशी माहेरी गेली होती आणि आता गुंजनसोबत भंडाऱ्याच्या बसमध्ये होती.

“आयकून राहिले का? तुमच्या वेबसाइटवर गणित नाही आहे.”

“काहून? काय आहे मंग?”

“गझल आहे.”

सूरजला वाटलं, बसमध्ये गाणी लागली असतील. पण डिंपल वाचून दाखवू लागली. “‘जर गझल असेल, तर खालीलपैकी कोणते विधान सत्य आहे?’ हा पहिला प्रश्न. गुंजन रडून राहिली. तिले वाटलं होतं, वेबसाइट नुसती आहे का नाही तेवढंच पाहतीन. आता शाळावाले म्हणतात, बारा वाजता वर्गात पडद्यावर लावा आन पोरांइकडून सोडवून घ्या. महिन्यापासून तिले माहीत आहे, पण मायनं बोलू नाही देलं. जवाईले कसं सांगा म्हणे.”

“आन तू काय करत होती?”

“मी कायले पाहतो तुमची वेबसाइट? मले वाटलं, तुमी पाहिली असन.”

सूरजने पान पाहिलं होतं, किनार पाहिली होती, गणपती पाहिला होता. गणिताकडे मात्र त्याने दहावीपासूनच पाहणं सोडलं होतं. त्यातून गणित त्याला शाळेतही साधारण असंच दिसायचं.

“आमचे फोन शाळेच्या गेटवरच जमा होतात म्हणे,” डिंपल म्हणाली, “बारापर्यंत करा काही तरी. नाही तर आत्या आलीच समजा.” आणि फोन कटला.

सूरजने शटर अर्धं खाली ओढलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. घोळ कुठे झाला ते त्याला पाचच मिनिटांत कळलं. पत्रिका तो जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचा. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी खुणांच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून वेबसाइटवर टाकायच्या आधी सगळा मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. गुंजनचे प्रश्नही त्याने सवयीने त्यातूनच काढले होते. कन्व्हर्टर समोर येईल त्या खुणेचं मराठी अक्षर करतो. तो बिचारा पत्रिकांवर वाढलेला. त्याला काय माहीत, की या मजकुरात गणितही आहे? त्याने x चा ग केला, ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाचा झ केला, y चा ल केला. बरोबरच्या चिन्हाचा त्र झाला होता. एका समीकरणात तर इतके त्र आले होते की ते वाचताना जीभ अडकावी.

“हे तर सोपं आहे,” सूरज स्वतःशी म्हणाला. गुंजनने पाठवलेली मूळ फाइल त्याच्याकडे होती. त्याने सगळे प्रश्न नव्याने चिकटवले आणि वर्गमूळ, पाय म्हणजे π, ‘पेक्षा लहान किंवा समान’ अशी चिन्हं कॉम्प्युटरमधल्या चिन्हांच्या खास फॉन्टमधून एकेक निवडून बसवली. साडेदहा झाले होते. पान कसं लखलखीत दिसत होतं! वर्गमूळ पाहून तर त्याला पहिल्यांदाच गणिताबद्दल प्रेम वाटलं.

पण या कॉम्प्युटरवर दिसतं ते दुसरीकडे दिसेलच असं नाही, एवढी अक्कल आता त्याला आली होती. दुसरीकडे पाहायचं कसं? स्मार्टफोन डिंपलजवळ. समोरच्या झेरॉक्सवाल्याला मागितला असता, पण त्याला कळणं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या साकोलीला कळणं. राहिलं करडी. सूरजने बटणं दाबून सासऱ्यांना फोन लावला.

“मामाजी, गुंजनची वेबसाइट उघडा बरं. फोन चालू ठेवून उघडा. कशी दिसून राहिली?”

थोडा वेळ खुडखुड झाली. “लय सुंदर, जवाईबुवा.”

“सगळं बराबर आहे?”

“एकदम बराबर. तुमच्या हातचं काम, त्यात काय पाहा लागते?”

सूरजचा जीव भांड्यात पडला. त्याने पोहे मागवण्यासाठी शटरखालून डोकं बाहेर काढलं, पण मग मनात पाल चुकचुकली. भाऊबिजेलाही हेच म्हणाले होते. मोटरसायकल बांधीत गेली तेव्हाही जवळपास हेच. त्याने डोकं आत घेतलं.

“मामाजी, वर्गमूळ दिसते का?”

“दिसते ना.”

“कसं दिसते?”

“तुमच्यासारखंच. रुबाबदार.”

“तसं नाही. जे दिसून राहिलं ते सांगा. चुकलं असन तर चुकलं म्हणा.”

दारात वसुलीवाला उभा राहिल्यावर आणतात, तसा पलीकडे आवाज खाली आला. तुलारामजी म्हणाले, “चुकलं कसं म्हणन जी मी? जवाईच्या कामाले नाव ठेवलं तर लोकं तोंडात शेण घालतीन.”

“मामाजी, हात जोडतो. गुंजनची नोकरी जाईन.”

“नाही जात. तुमी आहात ना.”

अकरा वाजून गेले होते. भंडाऱ्याला कुठल्याशा वर्गात पडदा खाली उतरत असेल, पोरं बाकांवर बसत असतील, आणि ज्या माणसाच्या हातातल्या फोनवर सगळा घोळ उघडा पडला होता, तो माणूस सौजन्याने मरायला तयार होता. डोकं आपटावं तर समोर कीबोर्ड. सूरजचा आवाज चढला. “मामाजी, मी तुमचा जवाई नाही! आजपासून नाही. शेतावरचा गडी समजा, घरचं पोट्टं समजा. शिव्या द्या मले. पण खरं सांगा.”

पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतला. बांगड्या वाजल्या.

“इकडे द्या तो फोन. तुमाले जवाई मोठा झाला का पोरगी?” आणि मग चंद्रभागाबाई थेट फोनमध्ये, सूरजच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, “आयक रे सूरज.”

सूरज खुर्चीवरून उठून उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नाही.

“काही बराबर नाही आहे तुयं. भाऊबिजेलेही बराबर नव्हतं. पोरगी रात्र रात्र रडली. मी चौथी शिकली, मले गणित समजत नाही, पण जे दिसते ते सांगतो. लिहून घे.”

“सांगा मामीजी.”

“पहिल्या प्रश्नात विळा आहे. उभा विळा, आन त्याच्या मधातून आडवी काडी गेली.”

सूरजने डोळे मिटून विचार केला. तो पौंड होता. ‘पेक्षा लहान किंवा समान’च्या जागी इंग्रजांचा पौंड. “पुढे?”

“दुसऱ्यात अंडं आहे. अंड्यावर दोन माशा बसल्या.”

ते वर्गमूळ होतं. म्हणजे असं झालं होतं: खास फॉन्टमधलं वर्गमूळ हे खरं वर्गमूळ नव्हतंच. ते एका परदेशी O ने घातलेलं सोंग होतं. सूरजच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असल्यामुळे सोंग वठत होतं, करडीच्या फोनवर तो फॉन्ट नसल्यामुळे रंग उतरला होता.

त्याने सगळी सोंगं काढली आणि इंटरनेटवरून खरी चिन्हं शोधून बसवली. “आता पाहा, मामीजी.”

“थांब. येऊ दे पान. …आता अंडं गेलं.”

“वा!”

“वा काय? आता सगळीकडे कान आहे. कान, आन कानाखाली टिकली. सगळीकडे तेच.”

प्रश्नचिन्हं. सूरजने आपल्या पडद्यावर पान पुन्हा उघडलं आणि इथेही तेच दिसलं. वेबसाइटच्या ज्या कोठीत मजकूर साठत होता, तिने ही चिन्हं कधी पाहिलीच नव्हती. जे ओळखीचं नाही त्याच्या जागी तिने सरळ प्रश्नचिन्ह ठेवलं आणि मूळ चिन्ह टाकून दिलं. आता कुठलं प्रश्नचिन्ह आधी वर्गमूळ होतं आणि कुठलं पाय, हे पान पाहून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आणि नेमकं या क्षणी भंडाऱ्यात कुणी पान उघडलं तर? साडेअकरा होऊन गेले होते.

“मामीजी, मले नाही जमून राहिलं,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात सासरच्या माणसांपुढे कधी उच्चारलं नव्हतं.

“रडू नको. रडल्यानं धानाचा रोवणा होते का? दुसरं काही करून पाह. माही पोरगी तिथं उभी आहे.”

त्या आवाजात इतकी कळकळ होती की सूरजचे डोळे खरोखरच भरून आले. त्याने बाहीने डोळे पुसले आणि इंटरनेटवर धडाधड शोधायला लागला. एका इंग्रजी पानावर कुणा परोपकारी माणसाने लिहून ठेवलं होतं: कोठी चिन्ह घेत नसेल तर चिन्ह देऊ नका, चिन्हाचं नाव द्या. साध्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहायचं, आधी अँडची खूण आणि शेवटी अर्धविराम. कोठीला वाटतं, साधी अक्षरंच आहेत, आणि ती आत घेते. बाहेर पान उघडताना मात्र त्या नावाचं चिन्ह होतं. सूरजने मूळ फाइल पुन्हा उघडली, एकेका चिन्हाच्या जागी त्याचं नाव घातलं, सगळं चिकटवलं आणि जतन केलं.

“मामीजी?”

“येऊन राहिलं पान. फिरून राहिलं गोल गोल.” पाठीमागून तुलारामजी काहीतरी म्हणाले. “तुमी गप बसा,” त्या तिकडे म्हणाल्या. मग, “आलं. दुसऱ्या प्रश्नात आता अंडं नाही, कान नाही. बराबरची खूण करते ना मास्तर, तशी खूण आहे. आन तिच्या डोक्यावरून छपराची वळचण काढली.”

“तेच! तेच वर्गमूळ आहे, मामीजी!”

“वरडू नको. सगळं पाहू दे.” आणि त्या माउलीने एकेक प्रश्न खालपर्यंत तपासला, निवडायला घेतलेल्या तांदळासारखा. “सातवा प्रश्न अर्धाच आहे. ‘जर’ लिहिलं, एक फुली आहे, आन पुढचं कोणी खाल्लं?”

सूरजने पाहिलं. तिथे x नंतर साधं ‘पेक्षा लहान’ होतं. हे चिन्ह कोठीला चालत होतं, म्हणून त्याने ते तसंच सोडलं होतं. पण पान दाखवणाऱ्या यंत्राला वाटलं, इथून पुढे मजकूर नाही, आपल्यासाठीचा हुकूम सुरू झाला, आणि त्याने पुढचा सगळा प्रश्न पोटात घातला. सूरजने त्याही चिन्हाचं नाव घातलं. बाराला पाच कमी होते.

“आता?”

“आता पुरा आहे.” मग त्या म्हणाल्या, “आन ती वेलबुट्टी काढून टाक. बारशाची पत्रिका वाटून राहिली.”

सूरजने निमूटपणे वेलबुट्टी काढली. गणपती ठेवू का, हेही विचारलं.

मग नुसतं थांबणं उरलं. बारा वाजले, एक वाजला. सूरज शटरच्या आत तसाच बसून राहिला. दोन गिऱ्हाइकं वाकून पाहून गेली. पोह्यांची आठवणही झाली नाही. दोन वाजायच्या सुमारास फोन वाजला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी उचलला.

“काय सांगू तुमाले,” डिंपल म्हणाली. “पान त्याइनं बाराच्या आधीच उघडून ठेवलं होतं. पडद्यावर लावलं तर सगळी प्रश्नचिन्हंच. शाळेचे अध्यक्ष हासाले लागले. गुंजनचा चेहरा पांढरा पडला. मी दारातून पाहून राहिली होती. मंग हेडबाई म्हणल्या, पान परत एक डाव उघडून पाहा. उघडलं, आन सगळं बराबर आलं. पोरं तर असे भिडले! घंटा झाली तरी उठेनात. सोमवारपासून ये म्हणे.”

सूरजने फोन छातीशी धरला.

“आयकून राहिले का?”

“आयकून राहिलो,” तो म्हणाला आणि मनसोक्त रडला. शटर अर्धं खाली होतं, त्यामुळे अब्रू शाबूत राहिली.

पुढच्या आठवड्यात करडीची मंडई होती, म्हणजे दिवाळीनंतर भरणारी नाटकांची जत्रा. मंडईला लेकी-जवाई बोलवायचे, ही तिकडची रीत. सूरज नवा शर्ट घालून, मिठाईचा डबा घेऊन निघाला. यंदा आपला मान काही वेगळाच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. साळीची नोकरी वाचवलेला जवाई! लोड बहुतेक दोन असतील.

अंगणात पाय ठेवला तर खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. चादर नाही, लोड नाही. दाराआड कुणी नाही. चंद्रभागाबाई अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला.

“आला का सूरज? बरा आला. तो शर्ट उतरव, पाहुणे जेवाचे आहेत, बोरिंगवरून पाणी आण. आन केस केवढे वाढवले? मंडईत नाटकात काम करून राहिला का? आन मागच्या डावाले ताटात भाजी टाकून उठला होता, ते मले आवडत नाही. आमच्या घरी टाकत नाहीत.”

सूरजने डिंपलकडे पाहिलं. डिंपल हसू लपवायला मिठाईचा डबा घेऊन आत गेली. गुंजन शाळेच्या वह्या तपासत बसली होती. तिने जिजाजींकडे एकदा कृतज्ञतेने पाहिलं आणि बादली त्यांच्याकडे सरकवली.

पाणी भरून, हात पुसत सूरज परसात आला. तिथे तुलारामजी पोत्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी जवाईकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरकून पोत्यावर जागा केली.

“बस,” ते हळूच म्हणाले, “मले तर लग्नापासून अशीच बोलते.” आणि अर्धा लसूण त्याच्यापुढे लोटला.